न उघडलेली वही

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, अशी एक म्हण गुजरातेत आहे आणि ती आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक आहे. मराठी माणसाला सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० सालच्या लुटी आठवतात. आमच्या वसईच्या गृहिणींना सुरत म्हटले की लग्नसराईतील साड्यांचे गठ्ठे आठवतात. आम्हांस मात्र यापुढे सुरतेचे नाव निघाले की एक वही आठवत राहील, आणि तीही न उघडलेली. ती वही कोणती, हे सांगण्यापूर्वी गेल्या वर्षाची थोडी हकीकत वाचकांनी ऐकून घ्यावी.

सुरतेत मराठी भाषकांची वस्ती मोठी आहे. उधना, लिंबायत या भागांत तर मागांवर काम करण्यासाठी खानदेशातून आलेली इतकी कुटुंबे आहेत की, रस्त्यातून चालताना अहिराणी सहज कानी पडते. त्यांत आपली कॅथलिक घरे थोडी. काही वसई-पालघरकडची, काही अहिल्यानगर-नाशिककडची. महिन्यातून एका शनिवारी येऊन या मंडळींसाठी मराठीत मिस्सा अर्पण करावी व पापनिवेदने ऐकावीत, अशी विनंती तेथील फादरांनी आम्हांस केली. माणूस जमाखर्च कोणत्याही भाषेत करील, पण पाप कबूल करावयाचे तर त्याला आईची भाषा लागते. आम्ही होकार दिला. सकाळची गाडी धरावी, दुपारी सुरतेस उतरावे, सायंकाळी मिस्सा करावी आणि रात्रीच्या गाडीने परतावे, असा क्रम ठरला. मधल्या चार तासांचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र उरला.

तो सोडविला एका तरुणाने. पहिल्याच महिन्यात तो मिस्सेनंतर आमच्याजवळ आला व आपले गाव सांगून उभा राहिला. दीक्षेनंतर ज्या धर्मग्रामात आम्ही सहायक म्हणून प्रथम गेलो, तेथला तो मुलगा. त्याचे वडील केळीची व फुलांची वाडी करीत. आता तो तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, आणि सुरतेच्या एका कापड छपाईच्या कारखान्यात साड्यांच्या नक्षी तयार करणारा कारागीर होता. आम्हांस तो अंधुकसा आठवला. "फादर, पुढच्या खेपेला दुपारी मी घ्यायला येईन. विज्ञान केंद्रातल्या कलादालनात नेहमी काही ना काही लागलेले असते," तो म्हणाला.

सुरत महानगरपालिकेचे विज्ञान केंद्र सिटीलाइट भागात आहे; ते २००९ साली सुरू झाले. तेथे तारांगण आहे, हिऱ्यांचे दालन आहे, वस्त्रोद्योगाचे दालन आहे. १८९० साली विंचेस्टर म्युझियम या नावाने स्थापन झालेले आणि पुढे सरदार पटेलांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले शहराचे जुने संग्रहालयही आता त्याच वास्तूत आले आहे. आणि या सर्वांच्या शेजारी एक कलादालन. कधी तेथे, तर कधी शहरातील अन्य लहान सभागृहांत, असे करीत त्या एका वर्षात आम्ही जी प्रदर्शने पाहिली, तेवढी त्यापूर्वीच्या पंचेचाळीस वर्षांत पाहिली नव्हती.

पहिल्या खेपेस शाळकरी मुलांची चित्रे होती. आम्ही हात पाठीमागे बांधून, प्रत्येक चित्रापाशी थांबून, सर्व दालन दहा मिनिटांत संपविले व दाराशी येऊन उभे राहिलो. तो तरुण अजून तिसऱ्याच चित्रापुढे होता. पाऊण तासाने तो आला आणि संकोचाने म्हणाला, "फादर, राग मानू नका. तुम्ही चित्रे पाहिली नाहीत, चित्रांखालच्या पाट्या वाचल्या."

राग आला खरा. पण परत एकदा आत जाऊन पाहतो तो, त्याचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. कोणत्या मुलाचे नाव काय आणि तो कितवीत, हे आम्ही सांगू शकलो असतो. कोणत्या चित्रातले झाड कोणत्या बाजूला होते, हे मात्र सांगता आले नसते. सेमिनरीत आम्हांस वाचावयास शिकविले, ऐकावयास शिकविले, बोलावयास तर फारच शिकविले. पाहावयास कोणी शिकविले नव्हते, आणि ते शिकावे लागते हेही आम्हांस ठाऊक नव्हते.

मार्चमध्ये हस्तकलेचे प्रदर्शन होते. त्यात सादेली कामाच्या पेट्या होत्या. सुरतेची ही जुनी कला प्रामुख्याने पारशी कारागिरांनी सांभाळली, आणि आता ती जाणणारी घरे अगदी थोडी राहिली आहेत. पेटीच्या झाकणावर बारीक चांदण्यांची नक्षी होती. आम्ही म्हणालो, "किती नाजूक रंगविले आहे!" तरुण हसला. तो सांगू लागला की, यात रंगविलेले काहीच नसते. निरनिराळ्या रंगांच्या लाकडांच्या, हाडाच्या, धातूच्या लांब बारीक काड्या तासून घेतात. पूर्वी हस्तिदंतही वापरीत, आता त्यावर कायद्याने बंदी आहे. या काड्या एकमेकींस अशा चिकटवितात की त्यांच्या जुडीच्या टोकाशी चांदणी दिसावी. मग मुळ्याच्या चकत्या कराव्यात तशा त्या जुडीच्या पातळ चकत्या कापतात आणि त्या पेटीवर शेजारी शेजारी बसवितात. जुडी कोठेही कापली तरी आत तीच चांदणी निघते. आम्ही त्या पेटीपुढे वाकून उभे राहिलो आणि त्या दिवशी प्रथमच पाटी वाचावयाची विसरलो.

उन्हाळ्यात वस्त्रांचे प्रदर्शन पाहिले. तेथे खऱ्या जरीची कृती मांडली होती. चांदीची तार एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढीत केसाहून पातळ करावयाची, ती चपटी करावयाची, रेशमी धाग्याभोवती गुंडाळावयाची आणि वर सोन्याचा मुलामा द्यावयाचा. आपल्या पैठणीच्या पदरावर चमकणारी जरही बहुधा सुरतेचीच असते. आम्ही त्या तरुणास सहज विचारले, "आणि तुमच्या साड्यांवर कोणती जर असते?"

"प्लॅस्टिकची, फादर. चमकणाऱ्या फितीची."

आमच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले असावे. तो लगेच म्हणाला, "ज्या बाईला तीनशे रुपयांची साडी घ्यायची आहे, तिच्याही मुलीचे लग्न असतेच ना! तिलाही चमकावेसे वाटते." मग त्याने आम्हांस आपले काम समजावून सांगितले. नक्षीचा एक तुकडा काढावयाचा. तो पुन्हा पुन्हा छापला गेला तरी जोड कोठे आहे हे दिसता कामा नये. एकाच नक्षीच्या सहा-आठ रंगसंगती कराव्या लागतात, कारण सावळ्या बाईला शोभणारा रंग गोरीला शोभेलच असे नाही. हे सांगताना त्याच्या बोलण्यात लाज नव्हती, तक्रारही नव्हती. आम्हीच उगाच त्याची कीव करावयास निघालो होतो.

जुलैमध्ये गाडी डहाणूवरून जात असताना मुसळधार पाऊस होता आणि दोन्ही बाजूंच्या शेतांत आवणी चालली होती. योगायोग असा की, त्या दुपारी सुरतेस जे प्रदर्शन होते ते याच मुलखाचे होते. एका भिंतीवर छोटा उदेपूरकडच्या राठवांचे पिठोऱ्याचे रंगीत घोडे, आणि समोरच्या भिंतीवर गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाने काढावे तशी वारली चित्रे: त्रिकोणाला त्रिकोण जोडलेली माणसे, तारप्याभोवतीचा नाच, लग्नाचा चौक. तरुणाने तेथे आम्हांस हकु शहांची माहिती दिली. तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातील वालोड गावी १९३४ साली जन्मलेले हे चित्रकार खेड्यापाड्यांत हिंडून कुंभाराचे घोडे, गोधड्या, देवाला वाहिलेल्या मातीच्या वस्तू गोळा करीत. १९६८ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील संग्रहालयात स्टेला क्रामरिश या विदुषीबरोबर त्यांनी भारतातील आदिवासींच्या व खेड्यांच्या कलेचे मोठे प्रदर्शन मांडले. आपल्या दाराशी पडलेल्या वस्तूंकडे कोणीतरी नीट पाहिले, म्हणून जगाने त्या पाहिल्या. हकु शहा २०१९ साली निवर्तले.

मग बोलणे जिव्या सोमा मशे यांच्यावर आले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे हे वारली चित्रकार. आई वारल्यावर हे मूल बोलेनासे झाले आणि धुळीत चित्रे काढूनच मनातले सांगू लागले, असे सांगतात. वारल्यांत चौक लिहिण्याचे काम सुवासिनींचे; पुरुषाने रोज उठून चित्रे काढणे हे नवलच. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे एक चित्रकार या पाड्यांवर गेले, त्यांनी ही चित्रे पाहिली आणि भिंतीवरच्या हातांना कागद दिला. जिव्या मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

"कुलकर्णींनी काय केले, फादर? फक्त पाहिले आणि कागद दिला," तरुण म्हणाला. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग त्या नाचाच्या चित्राकडेच पाहत, आवाज न चढविता म्हणाला, "मीही तुमच्याकडे वही घेऊन आलो होतो. तुम्हांला आठवत नसेल."

वाचकहो, ते आम्हांस त्या क्षणी आठवले, आणि किती स्पष्ट आठवले! मे महिना होता. त्या वाडीतल्या घरामागे, बावखलाच्या काठी, जांभळाखाली बाकड्यावर आम्ही बसलो होतो. वडील म्हणाले, "फादर, हा म्हणतो मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रे काढायला शिकायला जाईन. तुम्हीच याला काय ते सांगा." मुलाने चित्रकलेच्या इलेमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिलेल्या होत्या. त्याच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि पिशवीतून वहीचा कोपरा बाहेर आला होता. आम्हांस चार वाजता एक मयत होती. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि चांगल्या मराठीत एक लहानसे प्रवचन दिले. चित्रकला ही देवाची देणगी आहे, ती फावल्या वेळात जोपासावी. पण घर चालविण्यासाठी हातात एखादा धंदा हवा. आयटीआयचा अर्ज भरावा. वडिलांनी मान हलविली. मुलाने वहीचा कोपरा पिशवीत आत लोटला. आम्ही चहा घेतला आणि मयतीला गेलो.

त्या रात्री परतीच्या गाडीत आम्हांस झोप आली नाही. सल्ला चुकला होता का? तेही निश्चित सांगता येईना. वाडीचे उत्पन्न बेताचे होते, धाकट्या दोन बहिणी होत्या. आयटीआयच्या आरेखनाच्या अभ्यासक्रमानेच त्याला पुढे संगणक आणि संगणकाने सुरत मिळाली. सल्ला कदाचित बरोबरही असेल. पण तो आम्ही आंधळेपणाने दिला होता. देणगी देवाची आहे असे आम्ही म्हणालो, आणि ती उघडून पाहण्याचीही तसदी घेतली नाही. पोस्टाने आलेले पार्सल न फोडता, आत काय आहे ते माहीत नसताना, ते कोठे ठेवावे हे सांगावे, तसला तो प्रकार होता.

पुढच्या महिन्यात दालन दोन प्रदर्शनांच्या मध्ये बंद होते. तरुण आम्हांस कतारगाम दरवाजाजवळच्या डच दफनभूमीत घेऊन गेला. तेथे हेन्द्रिक व्हान रेडे या डच अधिकाऱ्याची थडग्यावर उभारलेली मोठी घुमटाकार वास्तू आहे. हा मनुष्य मलबारचा गव्हर्नर होता. १६९१ साली सुरतेकडे येत असताना जहाजावरच तो वारला. मलबारातील सातशेहून अधिक वनस्पतींचे चित्रांसह वर्णन करणारा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युतन् या मल्याळी वैद्याने आपले ज्ञान दिले. रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी साक्ष दिली, आणि ती पहिल्या खंडात कोंकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेली आहे. आणि सुरुवातीला वनस्पती गोळा करून त्यांची चित्रे रेखाटण्यात एका धर्मगुरूने साह्य केले: फादर मॅथ्यू, इटलीहून आलेले कार्मेलाइट संन्यासी.

आम्ही त्या थडग्याच्या पायरीवर बसलो. परक्या देशातल्या एका पानाच्या शिरा मोजण्यास त्या धर्मगुरूजवळ वेळ होता. आमच्याजवळ आपल्याच धर्मग्रामातल्या मुलाच्या वहीची चार पाने उलटण्यास नव्हता. आम्ही तरुणाकडे वळलो आणि म्हणालो, "बाबा रे, त्या दिवशी आमची चूक झाली. आम्हांस क्षमा कर."

इतरांची पापनिवेदने ऐकणे सोपे असते. आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान माणसापुढे उघड्यावर स्वतःचे निवेदन करावयाचे, तर घसा कोरडा पडतो.

तो लगेच बोलला नाही. पायाशी पडलेले एक पिंपळाचे पान उचलून त्याने बोटांत फिरविले. मग म्हणाला, "फादर, त्या वर्षी बाबांकडे पैसे नव्हते, हेही खरेच होते. तुम्ही हो म्हणाला असता तरी मी मुंबईला गेलो असतो की नाही, देव जाणे. पण तुम्ही वही उघडली असती तर बरे वाटले असते. त्यानंतर ती मी कोणालाच दाखवली नाही."

क्षमा केली, असे तो म्हणाला नाही. केली नाही, असेही म्हणाला नाही. उठताना त्याने आमच्या हातातली छत्री घेतली आणि आम्ही स्कूटरवरून मिस्सेला गेलो.

डिसेंबरात, नाताळपूर्वीच्या शनिवारी, दालनात शहरातल्या हौशी चित्रकारांचे सामुदायिक प्रदर्शन होते. कोणी हिऱ्यांना पैलू पाडणारे, कोणी शिक्षक, कोणी बँकेत कारकून. सुरतेत एका गोल हिऱ्याला सत्तावन्न-अठ्ठावन्न पैलू पाडतात. ते काम दिवसभर भिंगातून करणाऱ्या एका गृहस्थाने तापी नदीचे भलेमोठे, मोकळे, रुंद कुंच्याचे चित्र काढले होते. आम्ही त्याच्यापुढे बराच वेळ थांबलो. मग पुढे सरकलो आणि एका मध्यम आकाराच्या चित्रापुढे पाय थबकले.

हिरवट, काळसर पाणी. काठावर जांभळाची सावली, आणि ती सावली पाण्यात शिरते तेथे तिचा रंग बदलला होता, जांभळ्याचा तपकिरी झाला होता. एक बाकडे, रिकामे. कोपऱ्यात केळीचे वाऱ्याने फाटलेले पान. माणूस एकही नव्हता. ते बावखल आता राहिलेले नाही; वसईतल्या कित्येक बावखलांप्रमाणे तेही भरले गेले आणि त्यावर इमारत उभी आहे. पण चित्रात पाण्यावर शेवाळ होते, आणि शेवाळात म्हशी बसतात तेथे पडणारी मोकळी जागाही होती. ती जागा आम्ही प्रत्यक्ष पाहिलेली होती. तिच्याकडे लक्ष मात्र आजच जात होते.

कितीतरी वेळाने तो तरुण शेजारी येऊन उभा राहिल्याचे कळले. त्याच्याबरोबर त्याची पत्नी आणि दोन मुले होती. "पाटी वाचली का, फादर?" धाकटीने विचारले, वडिलांनी तिला घरी काहीतरी सांगितले असावे. आम्ही नाही म्हणालो, आणि ते खरे होते.

वर्ष संपले, तरी सुरतेची ती मराठी मिस्सा चालू आहे. यंदा दहावीचा निकाल लागल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक मासळी विकणारी बाई आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. "फादर, ही ऐकत नाही. हिला चित्रांचेच शिकायचे आहे. तुम्हीच हिला काय ते समजावा," असे तिने म्हणताच आमच्या जिभेवर तेच जुने प्रवचन तयार होऊन आले. आम्ही ते गिळले आणि विचारले, "वही आणली आहेस का?"

मुलीने आणलेली नव्हती. ती घरी धावत गेली. अर्ध्या तासाने ती वही आमच्या मेजावर आली आणि आम्ही तीन वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. सायकली वाईट होत्या. चाके गोल नव्हती. कोंबड्या बऱ्या होत्या. पण नऊ पाने निव्वळ हातांची होती, मासळी साफ करणाऱ्या आईच्या हातांची, आणि त्यांत कोयतीवर बोट कोठे टेकते, खवले उडू नयेत म्हणून मनगट कसे वळते, ते सारे आले होते. आम्ही ते पान आईपुढे धरले. ती आपल्याच हातांकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "मग आता काय करू, फादर?"

खर्च किती, प्रवेश परीक्षा कोणती, शिकून झाल्यावर पोट कशावर भरावयाचे, हे प्रश्न पूर्वीइतकेच खरे आहेत, आणि त्यांची उत्तरे आम्हांस एकट्याला देता येणार नाहीत, असे आम्ही तिला सांगितले. येत्या शनिवारी ती वही आम्ही बरोबर घेऊन सुरतेस जाणार आहोत. त्या तरुणाने ती पाहण्याचे कबूल केले आहे. येताना आपलीही जुनी वही घेऊन येतो, असे त्याने काल फोनवर सांगितले.